लिटर कोरडं ठेवा!

माणसांच्या डॉक्टरकडे पेशंट येतो आणि आपलं दुखणं सांगतो. कोंबडी काहीच सांगत नाही. मग तिच्या वतीने मालक बोलतो, मालकाची बायको बोलते, शेजारी तर सगळ्यात जास्त बोलतो! पेण ते रोहा या पट्ट्यात मी इतकी वर्षं कोंबड्यांचा डॉक्टर म्हणून फिरतोय, त्यामुळे माझ्या बॅगेत औषधांपेक्षा किस्सेच जास्त झालेत. त्यातले निम्मे तरी कासू गावच्या हिरामण आणि त्याची बायको सुमनवहिनी यांचे. तेही एकाच पावसाळ्यातले.

*

सुरुवात मिठाईच्या डब्याने झाली.

हिरामण माझ्या पेणच्या दवाखान्यात आला, टेबलावर डबा ठेवला आणि छत्री झटकायला परत दारात गेला. माझे कंपाउंडर पाटीलमामा गोडाचे भलते शौकीन. "काय, मुलगा की मुलगी?" असं विचारत त्यांनी झाकण उघडलंसुद्धा.

आत कोंबड्यांची विष्ठा होती. पातळ आणि लालसर.

"तुमीच बोललाव ना फोनवर, सॅम्पल नीट झाकून आणा," हिरामण दारातून म्हणाला. "घरात झाकणाचं येवढंच होतं!"

मामांनी पुढे बरेच दिवस पेढ्याकडे बघितलं नाही. मी मात्र मायक्रोस्कोपखाली बघितलं आणि माझा चेहरा उतरला. कॉक्सी! म्हणजे आतड्याचा रोग, रक्ती हगवण. वेळेवर आवरला नाही तर अख्खी शेड साफ करतो. हिरामणच्या शेडमध्ये दीड महिन्याची चारशे गावरान पिल्लं होती. ती वहिनींची. रोह्याला एका कंपनीच्या कँटीनमध्ये त्या पोळ्या लाटायच्या, ती नोकरी सोडून त्यांनी ही शेड घातली होती.

मी वहिनींना फोनवर रोगाचं नाव सांगितलं. वहिनींनी नाव विचारलंच नाही परत. "डॉक्टर, ही गेली तर मी परत पहाटेच्या शिफ्टला," एवढंच म्हणाल्या.

*

शेडमध्ये जमिनीवर भाताचं तूस पसरतात. त्याला आम्ही डॉक्टर मंडळी 'लिटर' म्हणतो. हा रोग ओल्या तुसात फोफावतो. म्हणून पिण्याच्या पाण्यात घालायचं औषध दिलं आणि हिरामणला दोनदा बजावलं, "औषधाइतकंच महत्त्वाचं म्हणजे लिटर कोरडं ठेव. ओलं झालं की लगेच बदल!"

"व्हय, व्हय. काळजी नको."

दोन दिवसांनी गेलो. शेडमध्ये पाऊल टाकलं तर तूस पचपचीत ओलं, पिल्लं पिसं फुगवून कोपऱ्यात बसलेली. आणि खिळ्याला एक लिटरचं कोरं करकरीत प्लास्टिकचं माप टांगलेलं!

"जुनं बदललं," हिरामण म्हणाला. "ह्ये दिवसातनं चार वेळा पुसतो. पन डॉक्टर, एक सांगा. पाणी मोजलं का लिटर ओलं व्हनारच ना?"

मी पंचवीस वर्षं हा शब्द वापरत होतो. त्या दिवसापासून सोडला.

*

मग मी साध्या मराठीत सांगितलं. ओलं तूस काढून टाक, नवीन पसर, रोज खालीवर कर, म्हणजे सुकत राहील. एक काठी घेऊन ढवळायचं कसं तेही दाखवायला गेलो.

हिरामणने माझ्या हातातली काठी काढून घेतली आणि घरातून लांब दांड्याचं लाकडी फावडं आणलं. त्याच्या वडिलांचं, मिठागरावर मीठ ओढायचं. अर्ध्या तासात त्याने अख्ख्या शेडमधलं तूस असं काही ओढलं, पालथं केलं, पसरलं की मी नुसता बघत राहिलो.

"पाणी घालवून कोरडं करायचं, ह्येच सांगायचं होतं ना?" घाम पुसत तो म्हणाला. "मंग मीठ बोला की! लिटर काय बोलता!"

*

औषधाचे पाच दिवस पिल्लांना दुसरं पाणी द्यायचं नव्हतं. तिसऱ्या दिवशी वहिनींचा फोन आला, आवाज चढलेला. हिरामण गुपचूप साधं पाणी पाजताना सापडला होता!

मी त्याला फोनवर घेतलं. "का रे बाबा?"

"कडू असंल त्ये औषध. बारकी पोरं ती. दया आली."

"मग?"

"मंग ही बोलली, चाखून बघा. चाखलं. कडू नाय."

मी म्हटलं, "बरं झालं. आता तुला कॉक्सी होणार नाही!"

तो हसला नाही. "किती दिवस नाय व्हनार?" असं त्याने गंभीरपणे विचारलं.

*

त्या आठवड्यात वहिनी रोज सकाळी फोन करायच्या. बोलणं एकाच शब्दाचं. "अकरा." दुसऱ्या दिवशी, "नऊ." मग, "चार." तेवढी पिल्लं मेलेली. त्या रडायच्या नाहीत, आकडा सांगून फोन ठेवायच्या.

एका सकाळी म्हणाल्या, "कोनी नाय."

मी अर्धवट झोपेत. "घरी कोणी नाही? हिरामण कुठे गेला?"

"अवो, मेलं कोनी नाय!" आणि पहिल्यांदाच पलीकडे हुंदका ऐकू आला.

*

गणपतीच्या दिवशी मी दर्शनाला कासूला गेलो. पिल्लं चांगली टणक झाली होती आणि शेडच्या दाराशी बादली, लोटा आणि वेगळ्या चपलांचा जोड आला होता. बाहेरच्या पायांबरोबर रोग आत येतो, हे मी वहिनींना एकदाच सांगितलं होतं. त्यांनी कायदाच केला! मी रोह्याची एक शेड बघून आलो होतो, तर मलाही आत घेतलं नाही. एक कोंबडी जाळीपाशी धरून म्हणाल्या, "इथनंच तपासा."

तेवढ्यात "मोरया"चा गजर करत वाडी आली. पुढे हिरामण, पेणहून आणलेली मूर्ती पाटावर घेऊन. घराकडे न वळता तो सरळ शेडकडे आला. कोंबड्या वाचल्या तर बाप्पाला आधी शेडमध्ये फिरवीन, असा त्याने नवस केला होता. बायकोला न सांगता!

वहिनी दारात आडव्या उभ्या राहिल्या. "तिथंच थांबा."

गजर थांबला.

"अगो, बाप्पा हाय!" हिरामण ओरडला.

"बाप्पा पाटावर हाय," लोटा भरत वहिनी म्हणाल्या. "त्याचे पाय कुठं भुईला लागलेत? तुमचे लागलेत. पुढं करा!"