खोक्यावर डीए, आत रोटरी

कोणी विश्वासाने दिलेल्या गाडीला तुमच्या हातून ओरखडे पडले, तर तुम्ही आधी काय कराल? मालकाला सांगाल, की गुपचूप पुसायला घ्याल?

रतन आबांनी पुसायला घेतलं. म्हणूनच त्या शुक्रवारी सकाळी ते आमच्या काउंटरसमोर उभे होते. हातात पॉलिशिंग मशीनचं खोकं, उपरणं घामाने ओलं, आणि बाहेर रस्त्याच्या कडेला निळी गाडी, डावी बाजू भिंतीकडे करून लावलेली. कोणाला दिसू नये म्हणून.

"पोरी, ह्या मशीननी रंग खाई टाका," ते म्हणाले. "रविवारले जवाई येई ऱ्हायना. त्याले कोनतं तोंड दखाडू?"

मी नंदुरबारला एका कार अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात डिटेलिंगचं काम करते. डिटेलिंग म्हणजे गाडी नुसती धुणं नव्हे. रंगावरचे बारीक ओरखडे, डाग, मंदपणा काढून तो पुन्हा स्वच्छ करणं. या धंद्यात मुली कमी आहेत. सुरुवातीला गिऱ्हाइकं मला बिल बनवणारी समजायची. आता माझं नाव घेऊन येतात.

आबांचं गाव प्रकाशा या तीर्थक्षेत्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर. पपई आणि केळी करतात. त्यांचा जावई किरण सुरतेला ट्रेनिंगसाठी दहा दिवस गेला. गाडी सासऱ्याच्या दारात लावून, किल्ली हातात देऊन गेला. "आबा, बिनधास्त वापरा," असंही म्हणाला. आबांनी वापरली. सरळ डांबरी रस्त्याने नव्हे. भाऊबंदांच्या खळ्यावरून, मधल्या शिवारातून, जिथे दोन्ही बाजूंनी बाभळी वाकलेल्या आहेत त्या गाडवाटेने.

"तिकडून कशाला नेली?" मी विचारलं.

आबा खाली बघू लागले. "मन्हा जवाईनी गाडी कशी शे, ते चुलतभाऊसले दखाडानी हौस व्हती."

चुलतभावांनी गाडी पाहिली. बाभळीनेही पाहिली. डाव्या बाजूला हेडलाइटपासून मागच्या दारापर्यंत काट्यांच्या रेघा उठल्या. गुरुवारी आबा आमच्याच दुकानात आले आणि घरी वापरायची मशीन मागितली. मी त्या दिवशी रजेवर होते. दुकानाच्या शेठनी त्यांना नवीन आलेल्या मालातलं एक खोकं दिलं. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेलं होतं: ड्युअल अ‍ॅक्शन. घरी वापरण्यासाठी सुरक्षित.

मी बाहेर जाऊन गाडी पाहिली. मागच्या दारावर जी उठावदार घडी असते, तिच्यावर तळहाताएवढा पट्टा पांढुरका, निर्जीव झाला होता.

इथे थोडं समजून घ्या. गाडीच्या पत्र्यावर आधी प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर क्लिअर कोट असतो. क्लिअर कोट म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर. चमक त्याचीच. आणि तो वहीच्या पानापेक्षाही पातळ असतो. पॉलिश म्हणजे काही लावणं नाही, त्या थरातलं थोडंसं घासून कमी करणं. कडेला आणि घडीवर तो आणखी पातळ. तिथे तो संपला की जगातलं कुठलंही पॉलिश तो परत आणत नाही. पुन्हा रंगच मारावा लागतो.

मी खोकं उघडलं. मशीन हातात घेतल्याबरोबर शंका आली. तिची चकती बरोबर शाफ्टच्या मधोमध बसलेली होती. ड्युअल अ‍ॅक्शन मशीनमध्ये, म्हणजे आमच्या बोलण्यातल्या डीएमध्ये, चकतीचं केंद्र शाफ्टपासून थोडं बाजूला असतं. त्यामुळे ती स्वतःभोवती फिरते आणि त्याच वेळी छोट्या वर्तुळात हेलकावतेही. उष्णता एका जागी साठत नाही. जास्त दाबलं तर तिचं फिरणं थांबतं, नुसती थरथर उरते. शिकाऊ हाताची चूक मशीनच सांभाळून घेते. रोटरी मशीन एकाच केंद्राभोवती फिरते आणि दाबलं तरी फिरतच राहते. अनुभवी पेंटरच्या हातात ती उत्तम. आबांच्या हातात ती ग्राइंडरच.

दुकानात तेव्हा आणखी दोन गिऱ्हाइकं होती. मी शेठना म्हणाले, "शेठ, ही रोटरी आहे."

"खोक्यावर डीए लिहिलंय ना, बेन."

"खोक्यावर लिहिलंय. आत नाही."

"स्टिकर मी थोडाच छापलाय?"

"विकलं तर तुम्हीच."

शेठ वाईट माणूस नाहीत. सुरतेहून माल आला, फोटोत बरा दिसला, त्यांनी घेतला. पण माझा राग नेमका यावरच होता. आमच्या घरात लहानपणापासून सभा-मोर्च्यांच्या पत्रकांचे गठ्ठे असायचे. खाली छापणाऱ्याचं नाव नसलेलं पत्रक हातात धरायचं नाही, हा घरचा नियम. मी ते खोकं सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिलं. बनवणाऱ्याचं नाव नाही, गाव नाही. "सुरक्षित" हा शब्द मात्र चार ठिकाणी. माणसाची अब्रू धोक्यात घालणारं निनावी पत्रकच ते.

मी काउंटरवरचं मार्कर घेतलं. मशीनच्या चकतीच्या कडेवर एक जाड पांढरी रेघ ओढली. फोमचं पॅड लावलं, मशीन जुन्या पायपुसण्यावर टेकवली, मधल्या स्पीडवर सुरू केली आणि दाबली. रेघ दिसेनाशी झाली. आणखी दाबली. तरी दिसेना. चकती फिरतच होती. मग आमच्या कामाच्या डीएवर तशीच रेघ ओढून तसंच दाबलं. फिरणं मंदावलं, थांबलं. रेघ सगळ्यांना दिसली, जागच्या जागी थरथरताना.

दोन्ही गिऱ्हाइकं बघत होती. त्यातलं एक न विचारताच बोललं, "मग या मालातली बाकीची खोकी कोणाला देणार, शेठ?"

शेठ मला आतल्या खोलीत घेऊन गेले. "तू माझं दुकान बंद करवशील. उघडलेलं खोकं मी परत घेत नाही, माहीत आहे ना?"

"मग माझा राजीनामा घ्या. मी उरलेली खोकी विकणार नाही."

"राजीनाम्याची धमकी महिन्यातून किती वेळा देणार?"

"खरं सांगायला जितक्या वेळा लागेल तितक्या वेळा."

ते कपाळाला हात लावून बसले. मग म्हणाले, "बरं. आबांना बदल्यात खरी डीए दे. पण त्या दाराला ग्लेझ मारून टाक. रविवार निघून जाईल."

ग्लेझ म्हणजे तेलकट भराव. तो ओरखड्यांत बसतो आणि ते दिसेनासे होतात. दोन-तीन धुण्यांत निघून जातो. जळालेल्या पट्ट्यावर लावला तर लांबून ओलसर चमक येते, एवढंच. आबांनी दाराआडून सगळं ऐकलं होतं.

"मारी टाक ना, पोरी," ते हात जोडून म्हणाले. "रविवार निंघी जाऊ दे. तू मन्ही आंडेरसारखी शे."

आंडेर म्हणजे लेक. हा शब्द ऐकून मी विरघळेन असं त्यांना वाटलं असावं. विरघळलेही असते. पण मी म्हणाले, "आबा, लेकीसारखी म्हणता, मग तुमच्या खऱ्या लेकीचा विचार करा. दोन आठवड्यांनी तिच्या नवऱ्याने गाडी धुतली आणि हा पट्टा वर आला, तर तो कोणाला विचारेल? तुम्हाला की तिला?"

आबांनी जोडलेले हात खाली घेतले. म्हणाले, "मंग काय करू?"

"जळालेलं मी लपवणार नाही. पेंटरकडे काम करून घ्यावं लागेल, ते रविवारपर्यंत होणार नाही. बाकीचे काट्यांचे ओरखडे मात्र जातील. आणि ते तुम्ही स्वतः काढायचे. मी शिकवते."

शनिवारी मी त्यांच्या गावी गेले. आबांनी गाडी भर अंगणात उन्हात उभी केली होती. बाजूला काकू मिरच्या वाळत घालत होत्या. मी आधी गाडी गोठ्याच्या सावलीत घ्यायला लावली. तापलेल्या पत्र्यावर पॉलिश लगेच सुकतं आणि चिकटतं. मग दोन बादल्या आणि शाम्पूने गाडी धुतली. धूळ अंगावर ठेवून मशीन फिरवणं म्हणजे वाळूने घासणं.

"नख फिरवा," मी आबांना म्हटलं. नख अडकलं तर ओरखडा खोल. पॉलिशने तो जाणार नाही, त्याच्या कडा फक्त मऊ होतील. नख सरळ गेलं तर काढता येईल. आबांनी चष्मा लावून एकेक रेघ तपासली. तीन ठिकाणी नख अडकलं. बाकी सगळ्या वरवरच्या.

दाराच्या घड्या, कडा आणि काळं प्लास्टिक मी टेपने झाकलं. जळालेला पट्टाही झाकला. मऊ फोमचं पॅड, त्यावर वाटाण्याएवढे पॉलिशचे चार ठिपके. आधी मशीन बंद ठेवूनच ते पत्र्यावर टेकवून पसरायचं, नाहीतर सुरू होताच सगळ्या अंगावर शिंतोडे. मग मधला स्पीड. एका वेळी दोन वीत लांब, दोन वीत रुंद एवढीच जागा. आधी आडवं, मग उभं. हात संथ, मशीन धावते म्हणून आपण धावायचं नाही.

आबांनी पहिल्यांदा दोन्ही हातांनी जोर लावला. चकती थांबली.

"बंद पडनी का?"

"नाही. तुम्हाला सांगते आहे, जोर कमी करा."

"मन्ही बायको बी असंच सांगस," आबा म्हणाले. मिरच्यांजवळून काकूंचा आवाज आला, "ती मशीननं तरी ऐका!"

मध्येच पॅड सुटून खाली पडलं. आबांनी ते उचललं, धोतरावर झटकलं आणि माझ्या हातात दिलं. मी ते बाजूला ठेवलं. मातीला लागलेलं पॅड धुतल्याशिवाय पुन्हा रंगावर न्यायचं नाही. त्यात अडकलेला एक खडाही दिवसभराचं काम फुकट घालवतो. म्हणून घरी काम करायचं असेल तर एका पॅडवर भागवू नका. तीन-चार ठेवा आणि पुसायला मऊ मायक्रोफायबरचं कापड. जुनी बनियन नको.

दुपारपर्यंत पुढचं दार आबांनी एकट्याने केलं, संध्याकाळपर्यंत दोघांनी मिळून बाकीची डावी बाजू संपवली. पुसल्यावर ते वाकून बघत राहिले. काट्यांच्या रेघा गेल्या होत्या. नख अडकलेल्या तीन उरल्या होत्या, पण बारीक. मी टेप काढली. जळालेला पट्टा आता शेजारच्या चकचकीत निळ्यात आणखीच ठसठशीत दिसत होता. हे मला आधी सांगायला हवं होतं, आणि मी सांगितलं नव्हतं.

"हाई तं जास्तच दिसी ऱ्हायनं," आबा म्हणाले.

"हो."

"मंग आते सांगनंच पडी."

"सांगावंच लागेल."

रविवारी काय झालं ते मला सोमवारी कळलं. दुकानात आबा आणि किरण दोघं आले. किरणचा चेहरा सरळ होता, त्यावरून काही कळेना. त्याने मला विचारलं, "पट्टा कोणी जाळला?"

मी तोंड उघडण्याआधी आबा म्हणाले, "त्याले कालच सांगं मी. मीच जाळा. आते तू बी सांग, नहीतं त्याले वाटी मी दुसऱ्यानं पाप अंगावर ली ऱ्हायनू."

मी मान डोलावली. किरण म्हणाला, "काल सासरेबुवांनी ताट वाढायच्या आधी मला अंगणात नेलं. मला वाटलं शेतीची वाटणी काढताहेत. निघाला दाराचा पट्टा. राग आला. जेवलो, पण बोललो नाही."

"आणि मग?" शेठनी विचारलं. त्यांनाच जास्त उत्सुकता होती.

"मग गाडीला फेरी मारली. डावी बाजू उजवीपेक्षा चांगली दिसते आहे. म्हटलं, आबा, आता उजवी कोण करणार?"

आबांनी उपरण्याने तोंड पुसलं. हसत होते की काय, दिसलं नाही. दाराचं रंगकाम किरणने पेंटरकडे दिलं. पट्ट्याएवढ्या रंगाचा सांधा लपत नाही, म्हणून अख्खं दार रंगवावं लागलं. उजवी बाजू आबांनी पुढच्या रविवारी केली. मी गेले नाही, गरज नव्हती. बाभळीच्या वाटेने मात्र ते आता बैलगाडीनेच जातात, असं काकू म्हणाल्या.

उरलेल्या चार खोक्यांवर मी मार्करने मोठ्या अक्षरात लिहिलं: रोटरी. शिकाऊ माणसाने वापरू नये. शेठनी पहिलं खोकं पुसायचा प्रयत्न केला. मार्कर पक्कं होतं. शेवटी त्यांनी ती चारही रंगकाम करणाऱ्या गॅरेजवाल्यांना रोटरी म्हणूनच विकली. ती त्यांच्या कामाची होती. माल वाईट नव्हता, नाव खोटं होतं. धंद्यात बहुतेक नुकसान असंच होतं.

ओरखडा पडला तर सांगा, हे मी तुम्हाला शिकवणार नाही. ते तुम्हाला कळतं. मी एकच मागते. या आठवड्यात तुमच्या गावात जिथे अशी मशीन मिळते तिथे जा. घ्यायची नसली तरी जा. चकतीच्या कडेवर रेघ ओढायला सांगा, मशीन सुरू करायला सांगा, आणि पॅड जुन्या कापडावर टेकवून दाबा. रेघ थांबलेली दिसली तर ती डीए. दिसली नाही तर दुकानदाराला विचारा, हे खोक्यावर काय छापलंय? विचारताना आवाज खाली ठेवू नका. शेजारी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकालाही ऐकू जाऊ द्या.