फूटपट्टीकाकांची नजर

समोर माणूस आलं की फूटपट्टीकाका आधी अंतर सांगत, मग बोलत. "नऊ फूट. ये, बस." आम्ही टेप लावून पाहिली, तर चूक दोन बोटांचीही निघेना. नाव कलकत्त्याच्या मराठी मंडळातल्या टवाळांनी ठेवलेलं. काका तिथेच जन्मलेले, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले.

त्यांच्या जुन्या कॅमेऱ्यात लेन्समधून दिसत नसे. अंतर नजरेने जोखायचं आणि लेन्सवरचं कडं तेवढ्या फुटांवर आणायचं. कडं फिरलं की भिंग आट्यांवरून सरकतं, जवळच्यासाठी पुढे, लांबच्यासाठी मागे. मंडळातल्या एका साहेबांनी परदेशातून झूम लेन्स आणली, तेव्हा आतली भिंगं एकमेकांपासून सरकून लांबचं माणूस मोठं कसं दिसतं, ते मी ऐटीत सगळ्यांना समजावलं. काका अर्ध्या बंगालीत म्हणाले, "की मुश्किल! माणूस जवळ हवं तर चार पावलं चालावं."

मी पदार्थविज्ञानाची एम.एस्सी., नवऱ्याच्या बदलीने कलकत्त्याला आलेली, आणि शहाणपणा नको तितका. मुलीचे फोटो काढायला काकांचा कॅमेरा मागून आणला. दमट हवेने भिंगावर बुरशी धरली होती, म्हणून न विचारता लेन्स उघडली. परत बसवताना कळलं, कडं आट्यांत तीन-चार जागी धरतं, पण फुटांचे आकडे एकाच जागी खरे ठरतात, आणि ते सुटलं कुठून याची खूण मी केलीच नव्हती. बसलं तिथे बसवलं. कॅमेरा परत दिला तेव्हा काकांनी विचारलं, "उघडलीस का गं?"

"छे, वरून पुसली."

त्या हिवाळ्यात मंडळाची सहल बराकपूरला नदीकाठी गेली. काकांनी झाडाखाली सगळ्यांना उभं केलं, अंतर जोखलं, अख्खा रोल संपवला. फोटो धुऊन आले तेव्हा एकाचंही नाक-डोळे धड दिसेनात. झूमवाले साहेब हसले. चूक कुणाची ते मला तत्क्षणी कळलं, आणि मी मान खाली घालून चहा ढवळत राहिले.

"नजर गेली गं माझी," काका म्हणाले. त्यानंतर त्यांनी फूट सांगणंच सोडलं. रस्ता ओलांडताना माझा हात धरून विचारत, "ट्राम लांब आहे ना? बघ जरा."

आमची पुण्याला बदली झाली. हावड्याला निरोप द्यायला काका कॅमेरा घेऊनच आले. "तू शिकलेली. तुझ्याकडे नीट राहील." तेव्हा तरी सांगायचं होतं. मी वाकून नमस्कार केला आणि कॅमेरा घेतला.

पुण्यात दुरुस्तीवाल्याने कडं दहा मिनिटांत जागेवर बसवून दिलं. काका त्यानंतर सहा वर्षं होते. दर दिवाळीला मी त्यांना पत्र लिहीत असे. मुलीची शाळा, घर, सगळं त्यात असे, ही एक गोष्ट सोडून. लाज वाटते सांगायला, पण शेवटी न चुकता लिहायची, "डोळ्यांना जपा."