जमीन हादरली आणि नानांनी आतून कडी लावली

मंडळी, आज सकाळी कळंबात जमिनीखालून गुडगुड आवाज आला आणि मांडणीवरची भांडी वाजली. किल्लारीच्या भूकंपानंतर आम्हाला काही शिकवावं लागत नाही. अख्खी गल्ली रस्त्यावर आली.

शेजारचे नाना मात्र उलटे घरात शिरले आणि आतून कडी लावली. वय नव्वदच्या पुढं. दार बडवून बडवून माझा हात दुखला.

बऱ्याच वेळानं बाहेर आले. म्हणाले, "निजामाच्या वक्ताला असा आवाज झाला की माय आमाला आत कोंडायची. रझाकारांच्या बंदुका हायत म्हणायची."

मी पडलो भूगोलाचा मास्तर. लगेच सुरू झालो. "नाना, आपला भूपट्ट उत्तरेला सरकतोय, हिमालयाला रेटतोय. तो ताण इथल्या खडकातल्या जुन्या भेगांत साठतो आणि सुटला की जमीन हादरते. आत थांबलं तर घराचं मातीचं छत, हे माळवद, अंगावर येतं."

नाना म्हणाले, "आरं, पर तवाबी भांडी वाजायचीच की. लांबच्या बंदुकीनं भांडी वाजत्यात व्हय?"

तुम्हीच सांगा, त्या माउलीनं लेकरं बंदुकीपासून वाचवली, का भूकंपात माळवदाखाली कोंडली?