रुमालाखालचं व्याज

कापसाच्या बाजारात बसलं की रुई आपोआप लुगड्याला चिकटते. किश्शांचंही तसंच! अमरावतीच्या त्या बाजारात कडुनिंबाखाली आम्ही चौघी भाजी विकायचो. दूर कुठे लढाई चालली होती म्हणे, म्हणून इथे कापसाला सोन्याचा भाव. ज्याला त्याला उधार मिळे. मिळत नव्हतं ते फक्त आमच्या सखूला. तिच्या नवऱ्याने एकाच वावरातला कापूस तीन व्यापाऱ्यांना विकला, तिघांकडून बयाणा घेतला आणि पसार झाला! इकडे तिच्या विहिरीवरची मोट फाटली. वांगी सुकायला लागली.

*

पहिल्या सावकाराने तिला दारातच अडवलं. "एक कापूस तिघांले इकनारी मानसं तुमी!"

"त्या तिघांच्या शिव्या म्या एकटीनं खाल्ल्या, सेठ," सखू म्हणाली. "माहं पोट भरलं. पन वांग्याले पानी नाई भेटलं!"

*

दुसरा सावकार फारच गोड. "कोऱ्या कागदावर अंगठा दे, बाई. बाकीचं मी लिवून घेतो."

सखूने अंगठ्याला शाई लावून घेतली आणि अंगठा टोपलीतल्या भोपळ्यावर उमटवला! "घ्या. आता यावर लिवा, अन् बाजारात वाचून दाखवा!"

आम्ही पोट धरून हसलो. दुसऱ्या दिवशी सखूचे डोळे सुजलेले होते.

*

मग धन्नूशेठ, कापसाचा अडत्या. अडत्यांची रीत अशी, की भाव आणि व्याज तोंडाने बोलायचं नाही. हातांवर रुमाल टाकायचा आणि त्याखाली बोटं दाबून ठरवायचं. शेजाऱ्यालाही पत्ता लागत नाही. शेठने सवयीने रुमाल टाकला, आणि त्याचा हात तसाच थांबला. परक्या बाईचा हात धरायचा कसा?

"आता कसं करावं, बाई?"

"तोंड हाय ना, सेठ? बोला!"

शेठ पुटपुटला.

"आयकू नाई आलं!"

शेवटी तो ओरडलाच, "रुपयाले महिन्याचा एक पैसा!"

अख्ख्या बाजाराने ऐकलं. आता वाढवतो कसा? कडुनिंबाखालून आम्ही ओरडलो, "आमी साक्षीदार!"

*

मोट आली, वांगी तरारली. दर बाजाराला सखू हाक मारायची, "सेठ, हप्ता दिला हो!"

शेठने गादीवरून ओरडायचं, "पोचला!"

ज्या दिवशी सगळं फिटलं, त्या दिवशी तो म्हणाला, "आता पुढच्या बाजारी मी कोनाले ओरडू, बाई?"

*

पुढे ती लढाई थांबली. कापसाचा भाव असा कोसळला, की धन्नूशेठलाच कोणी दारात उभं करेना. एका बाजारी तो कडुनिंबाखाली आला आणि सखूपुढे बसला. आम्ही कान टवकारले.

"किती पायजेत, सेठ?"

त्याने चोरून आमच्याकडे पाहिलं. खांद्यावरचा रुमाल तेवढा चाचपत राहिला.

सखूने आमच्याकडे पाहिलं. "बायाहो, तिकडे पाहा वं जरा."

आणि तिनेच तो रुमाल ओढून दोघांच्या मध्ये पसरला, आणि हात खाली घातला.