सेतुरावांची पोलोची काठी

सेतुरावांकडे गेलं की आधी पोलोची काठी, मग कॉफी. भिंतीवर देवांच्या तसबिरींपेक्षा हातभर उंच टांगलेली ती काठी ते उतरवत, सोफ्याच्या हातावर मांड टाकत आणि तिच्या टोकाच्या लाकडी हातोडीच्या तोंडाने, खिळा ठोकावा तसा, हवेतला चेंडू ठोकत. स्वतः ते आयुष्यात एकदाही घोड्यावर बसले नव्हते. मरीनाच्या समुद्रकिनाऱ्यावरचा भाड्याचा घोडा जवळ आला तरी चार पावलं मागे सरत.

माणूस तंजावरकडचा मराठी, घर नुंगंबाक्कमला. काठीही काही वाडवडिलांच्या शौर्याची नव्हे. वडिलांच्या गोऱ्या साहेबाने मायदेशी जाताना सामान हलकं करायला ती त्यांच्या गळ्यात मारली होती. पण रुबाब असा, की जणू मैदानातली अर्धी दौड यांनीच केली.

"राजांचा खेळ पा हा," ते म्हणत. "इराणचे शहा खेळले, अकबर खेळला, मग साहेब लोक. सामान्यांचं काम इल्लै."

बँकेच्या बदलीवर मी नागपूरहून आलो, तेव्हा नुसतं आडनाव ऐकून त्यांनी मला खालचा मजला दिला. "आपलीं माणसं," म्हणाले. मला ते तेव्हा फार गोड वाटलं होतं.

वरचा मजला रिकामाच असे. माझ्या मुलीची शोळिंगनल्लूरच्या ऑफिसातली मैत्रीण लिंथोई घर शोधत होती. पाच घरांनी तिला तोंडावर नाही म्हटलं होतं आणि पंधरा दिवसांत तिची आई कायमची राहायला येणार होती. मी तिला सेतुरावांकडे घेऊन गेलो.

काठी उतरली. इराण झालं, अकबर झाला. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"गाव कोणतं तुझं?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"मणिपूर."

सेतुरावांचा चेहरा आक्रसला. "तुमच्या स्वयंपाकाचा वास... सोवळ्याचं घर आहे आमचं. जमायचं नाही."

लिंथोई उठली. दाराशी जाऊन परत वळली. "अंकल, काठी देता?" तिने विचारलं. ती हातात घेऊन तिने सैल हाताने एक झोका दिला, हातोडीच्या तोंडाने नव्हे, लांब बाजूने. "चेंडू असा मारतात. साहेबांना हा खेळ आमच्याकडेच मिळाला. माझे आजोबा शेतकरी होते. अनवाणी खेळायचे."

काठी टीपॉयवर ठेवून ती निघून गेली. मी समोरच बसलो होतो. हातात चकलीसारखा मुरुक्कू होता. तो मी खाल्ला.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. महिन्याभरात त्यांच्याकडे नवा पाहुणा आला. सेतुरावांनी मांड टाकली आणि काठी बाजूने फिरवली. "असें मारायचं असतं पा. मणिपूरच्या राजांची पद्धत!" मणिपूरच्या शेतकऱ्याचाही त्यांनी राजा करून टाकला. पाहुण्याने वरच्या मजल्याबद्दल विचारलं, तर म्हणाले, "रिकामाच आहे. चांगलीं माणसं कुठे मिळतात आजकाल?"

गेल्या वर्षी सेतुराव गेले. वरच्या मजल्याचं कुलूप गंजून बसलं होतं, ते त्यांच्या मुलाने फोडून काढलं. काठी त्याने माझ्या हातात दिली. "अप्पांना तुम्हीच जवळचे," म्हणाला. मला त्याचा रागच आला.

ही काठी जिची तिला द्यावी, म्हणून मी लिंथोईला फोन केला. सेतुरावांची जरा थट्टाही केली. ती हसली नाही.

"काठी नको, अंकल," ती म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही एक शब्द बोलला असता तर बरं झालं असतं."

तिची आई कुठे राहिली, हे विचारायचं धैर्य मला झालं नाही. काठी माझ्याच दाराआड उभी आहे. आल्यागेल्याला मी ती दाखवत नाही.