टेम्पोतली भिकुबाई

जळगावच्या जोशी पेठेतल्या त्या गल्लीत सकाळी आठ वाजता घड्याळाकडे कुणी बघत नसे. भिकुबाई आली की आठ.

"वांगा ल्या वं माय, वांगाऽऽ! भरीतना वांगा, हिरवागार वांगाऽऽ!"

पहिलं 'वांगा' जमिनीवरून निघायचं आणि दुसरं थेट तिसऱ्या मजल्याच्या कठड्याला जाऊन लटकायचं. मधे एक श्वास, पाटी सावरल्याचा. मग आवाज एकदम घरगुती व्हायचा, जणू चुलीपुढूनच बोलतेय: "दगडीअक्का, टोपली सोड वं! तुना वांगा ठेयेल शेतस!"

की वरून दोरीला बांधलेली टोपली डुलत डुलत खाली. दगडीअक्का पंचाहत्तरीच्या, गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिलेला. त्या खाली वाकून बघतसुद्धा नसत. आवाज ऐकला, टोपली सोडली. भिकुबाई एकेक वांगं देठाशी दाबून, उलटंपालटं करून टोपलीत ठेवायची. किडकं वांगं अक्कांच्या टोपलीत गेलं असं बत्तीस वर्षांत घडलं नव्हतं. गल्लीतल्या आणखी सात-आठ टोपल्यांचंही तेच. कुणी निवडून घेत नसे, कुणी परत करत नसे. आवाज भिकुबाईचा आहे ना, मग झालं.

ही हाक तिच्या आईची. एरंडोलच्या बाजारात आई डोक्यावर पाटी घेऊन हिंडायची आणि भिकु तिच्या लुगड्याला धरून मागे. आईनं लेकीला दागिना दिला नाही, शेत तर नव्हतंच. हाक दिली. नवरा फत्तेसिंग भुसावळला रेल्वेच्या कंत्राटी कामावर गेला आणि तिकडेच आजारपणात संपला. त्याचे दिवस झाल्यावर भिकुबाई पेठेत आली ती पाटी आणि हाक घेऊनच.

तर दोन वर्षांमागे त्याच गल्लीच्या तोंडाशी, जुन्या जिनिंगच्या कचेरीत, विद्यापीठाचं लोककला आणि शिक्षण केंद्र सुरू झालं. पहिल्या मजल्यावर सज्जा, सज्ज्यावर नावाची पाटी, आत पोरांची चित्रकला, बायकांचा अक्षरवर्ग, शनिवारी तबला. प्रमुख रुपचंद सर. त्यांचं प्रत्येक वाक्य "म्हणजे कसं आहे" पासून निघायचं आणि कसं आहे ते सांगण्याआधीच चहा यायचा.

अक्षरवर्ग घ्यायची कामिनी. पंचविशीची, धुळ्याच्या देवपूरची, बोलायला गोड. तिनं भिकुबाईचा हात हातात धरून 'भि' काढून घेतला. चार दिवस 'भि'च. पाचव्या दिवशी पूर्ण नाव. भिकुबाईनं ते नाव पाटीखालच्या चुंबळीच्या फडक्यावरही खडूनं लिहून बघितलं. त्या दिवसापासून कामिनीच्या डब्यात रोज भरीत. वाळक्या काटक्यांवर भाजलेलं, वर कांद्याची पात. "खाय वं पोरी, कशी काडी व्हयनी!"

मग केंद्रानं 'शहराचा आवाज' नावाचं प्रदर्शन काढलं. कल्हईवाला, पाथरवटीण, कुल्फीवाला, सगळ्यांच्या हाका टिपायच्या आणि भिंतीवर कानाला लावायची यंत्रं टांगायची. रुपचंद सर म्हणाले, "म्हणजे कसं आहे, भिकुबाई, हा आपला वारसा आहे." भिकुबाई म्हणाली, "वारसा तं शे, पण वांगा इकाले उशीर व्हयी राह्यना."

कामिनीनं मोबाइल तोंडासमोर धरला. "रोजच्यासारखं हं मावशी. मी नाहीच आहे इथे असं समजा." भिकुबाईनं रोजच्यासारखं केलं, अगदी दगडीअक्कांना टोपली सोडायला सांगण्यापर्यंत. हाक संपली न संपली तोच कामिनीला राहवलं नाही, "वा मावशी!" म्हणून टाळी वाजवली. महिन्याभरात भिंतीवर यंत्र लागलं. खाली कार्डावर नाव, भिकुबाईच्याच वाकड्या अक्षरात. ती येता-जाता ते कार्ड पदरानं पुसायची.

या उन्हाळ्यात ती दोन दिवस तापानं घरीच होती, आणि तिसऱ्या सकाळीही तिला उशीर झाला. पावणेनऊला गल्लीत शिरली, हाक दिली. टोपली येईना. पुन्हा दिली. तिसऱ्या मजल्यावरून अक्कांचा आवाज आला, आणि तो गोड नव्हता.

"दोनदा कसाले बोंबलस? लिधात ना वं मी आत्तेच!"

"कोणापासून, अक्का?"

"कोणापासून म्हणजे? तुन्हापासून! आनी आयक, काल बी किडका, परो बी किडका. मी काही बोलनू नही. पण भिकु, तू बी आते किडका देवाले लागनी?"

पाटी डोक्यावर, मान वर, तोंड उघडं. तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतून आवाज आला.

"वांगा ल्या वं माय, वांगाऽऽ!"

तिची आई जिवंत होऊन आली म्हणावं तर आवाज आईचा नव्हता. तिचाच होता. श्वास तोच, पाटी सावरल्याचा. तिनं पलीकडे जाऊन पाहिलं. एक टेम्पो सावकाश चाललेला, टपावर कर्णा, मागे ढिगानं वांगी, वरची चकचकीत, खालची पाणी सुटलेली. आणि कर्णा त्या परक्या गल्लीतही खड्या आवाजात सांगत होता, "दगडीअक्का, टोपली सोड वं!" त्या गल्लीत कुणी दगडीअक्का नव्हती, तरी दोन टोपल्या खाली आल्या.

हाक संपली. कर्णा खरखरला आणि टाळी वाजली. "वा मावशी!" लगेच पुन्हा पहिल्यापासून.

भिकुबाई तशीच केंद्रात गेली. पाटी उतरवली, भिंतीवरचं यंत्र कानाला लावलं. हाक आली, अक्का आल्या, टोपली आली आणि हाक संपली. टाळी नाही, वा मावशी नाही. पुन्हा ऐकलं. नाही. केंद्रानं ते कापून टाकलं होतं. टाळीसकट हाक होती ती एकाच ठिकाणी, कामिनीच्या मोबाइलमध्ये.

कामिनी आतून हसत आली. "मावशी! आज वर्गाला इतक्या लवकर?"

"टेम्पो कोना शे?"

हसू अर्ध्यावरच राहिलं. "दादाचा. किरणदादाचा. अहो, त्याचा घसा बसला होता ना, दोन दिवसांपुरतं म्हणून... आणि मावशी, तुमची हाक इतकी छान आहे, लोक लगेच येतात. मला वाटलं, तुम्ही काही म्हणणार नाही."

"इचारं का माले?"

"मावशी, नुसता आवाजच तर आहे."

भिकुबाईनं तिच्याकडे पाहिलं. याच पोरीनं बोट धरून 'भि' शिकवला होता. शिवी जिभेपर्यंत आली, पण तिथं अजून भरिताचा डबा आडवा होता. ती रुपचंद सरांकडे गेली. सर हळहळले. "म्हणजे कसं आहे, आमची प्रत इथेच आहे. बाहेरचं आम्हाला... तुम्ही लेखी द्या. आणि रविवारी कार्यक्रमाला याच हं, पाहुणे तुमची हाक प्रत्यक्ष ऐकणार आहेत."

"लेखी काय देऊ? माले नावच येस," भिकुबाई म्हणाली. "पण रविवारी येसू."

रविवारी सज्ज्यावर मांडव घातला होता. पाहुणे, हार, दोन्ही बाजूंना कर्णे, तोंडं गल्लीकडे. कामिनीनं माइक पुढे केला. "मावशी, रोजच्यासारखं," ती हळूच म्हणाली.

भिकुबाईनं माइक हातात घेतला आणि पाहुण्यांकडे पाठ केली. कठड्याशी जाऊन तिनं समोरच्या तिसऱ्या मजल्याकडे तोंड केलं.

"दगडीअक्का, आयक वं. मी भिकु. टेम्पोमा जी बोंबलस, ती मी नही. किडका वांगा मी दिधा नहीत." कर्णे सगळ्या गल्लीला सांगत होते. खिडक्या उघडल्या. "बठ्ठा जण आयका. आतेपासून जठे मनी हाक आयकू यी, तठे मी नही शे."

मागे कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, मग चूक कळून थांबला. जाता जाता भिकुबाईनं भिंतीवरचं कार्ड काढलं आणि चुंबळीत खोचलं. कामिनी दारात उभी होती. अनोळखी माणसाला सांगावं तसं भिकुबाईनं तिला बाजूला व्हायला सांगितलं.

सोमवारी आठ वाजता गल्लीत टेम्पोचा कर्णा वाजला, तीच हाक, तोच श्वास. तिसऱ्या मजल्यावरची टोपली हलली नाही. जराशानं भिकुबाई आली, तोंड मिटून. पाटी घेऊन तीन जिने चढली, प्रत्येक वळणावर टेकत. दार वाजवलं.

"कोण शे?" आतून अक्कांनी विचारलं.

भिकुबाईचं तोंड उघडलं. खाली टेम्पो पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला होता. तिनं तोंड मिटलं आणि पुन्हा दार वाजवलं.