पेवात लपलेला पाटील

फोन आला तेव्हा मी बहामनी फौजेतल्या एका हत्तीला ढाळ लावून बसले होते. मुलांसाठी इतिहास लिहायचा तर हत्तीला काहीतरी होणं भाग असतं, नुसत्या सनावळ्या कुणी वाचत नाही. पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, "पेवातला पाटील तुमीच लिहिला न्हवं?"

मला कौतुकाचे फोन येतात. आमच्या नांदेडात गोष्टीवाली आजी म्हणून शाळांत बोलावतात, लातूरच्या बसस्टँडवर माझी पुस्तकं भुईमुगाच्या शेंगांशेजारी मांडलेली असतात. मी लाडात येऊन म्हटलं, "हो, मीच."

"तो आमचा पाटील हाय. आमी येऊन राहिलो. घरीच ऱ्हावा."

फोन बंद झाला.  आजकाल इतिहासावर हसणाऱ्याच्या घराच्या काचा फुटतात, हे मीही पेपरात वाचते. फक्त ते दुसऱ्याच्या घरी होतं अशी माझी समजूत होती.

सुनेला सांगितलं. तिनं आधी दाराला कडी घातली, मग खिडक्या लावल्या, मग विचारलं, "आई, असं लिहिलंय तरी काय तुम्ही?"

काय लिहिलं होतं? गोष्ट अशी. सुलतानाची फौज मन्याड नदीकाठच्या एका गावावर येते. गावचा पाटील घाबरून धान्याच्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कणगीत, उडी मारतो. वरून दगड लावून घेतो. फौज वाडा धुंडाळते, कुणी सापडत नाही आणि निघणार एवढ्यात ज्वारीचं कुसळ नाकात जाऊन पाटील शिंकतो. पोरं इथं हमखास लोळतात. तेवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. पण हाच पाटील मी मोठ्यांसाठीच्या इतिहासाच्या पुस्तकातही घातला, गावाच्या नावासकट, शिंक तेवढी वगळून.

"आणि हे तुम्हाला कुठं सापडलं?" सून म्हणाली.

"लग्नात," मी म्हटलं.

 त्या वेळची मी कशी होते ते तिला कसं सांगावं? खांद्याला शबनम, नाकावर जाड फ्रेम, एम.ए.ची पदवी गळ्यात घालून फिरता येत नाही म्हणून हळहळणारी. माझ्या माहेरच्या गावची मुलगी नदीपलीकडच्या त्या पाटलाच्या गावात दिली होती, लग्नही तिथंच होतं. विहिणींच्या पंगतीला आमच्या बायकांनी वरपक्षाला टोमण्यांची गाणी म्हटली. त्यात एक होतं, 'फौज आली दारात, पाटील बसला पेवात.' बायका हसत होत्या, विहिणी तोंडाला पदर लावून बसल्या होत्या आणि मला मात्र साक्षात्कार झाला. वेढा, पेव, पाटील. बायांच्या ओठांवर इतिहास जिवंत आहे, असं काहीतरी मी मनात म्हटलं. तेवढ्यात जिलबी आल्याची वर्दी आली आणि संशोधन तिथंच थांबवून मी पानावर जाऊन बसले.

मुलाला लातूरला फोन केला. तो म्हणाला, "आई, दार उघडू नको. मी निघतो. आणि आले तर सरळ माफी मागून टाक."

"कशाची?"

"ते म्हणतील त्याची."

शेजारी बुकबाइंडिंगवाले चाचा राहतात. माझ्या फाटक्या ग्रंथांना त्यांनीच पुठ्ठे घातलेत. सुनेनं त्यांना बोलावलं. ते आले, खुर्चीत ताठ बसले, म्हणाले, "आपा, मैं बैठा हूँ ना. डरो नको." रस्त्यावर जीप थांबल्याचा आवाज आला तसे उठून पाणी प्यायला आत गेले आणि बराच वेळ पाणीच पीत राहिले.

 सुनेनं माझ्याकडं पाहिलं, मी मान हलवली, तिनं कडी काढली.

चौघं-पाचजण होते, धोतरवाले आणि पँटवाले. पुढचा, फोनवरचा तोच आवाज, चपला बाहेर काढून आत आला. चपला काढल्या म्हणजे मारणार नाहीत, असं एक वेडं गणित मी केलं.

"बसा दादा."

"बसाय न्हाई आलो. माझ्या लेकाचं लग्न ठरत हुतं. लातूरचं स्थळ. पोरीच्या भावानं तुमचं पुस्तक वाचलं. म्हणला, पेवातल्यांच्या घरी बहीण द्यायची का?"

"अहो, ती तर गंमत..."

"गंमत गाण्यात हुती तवर आमी बी हसलो. आमच्या आजीच्या लग्नात म्हटलं, आईच्या लग्नात म्हटलं. गाणं म्हटलं की हवेत जातंय. तुमी छापलं. छापलेलं कुठं जातंय?"

  मागून एक पँटवाला म्हणाला, "पान फाडायला सांगा." दुसरा म्हणाला, "सगळीच फाडा." तो कपाटाकडं सरकला. तिथं चाचांनी शिवलेली माझी सगळी पुस्तकं होती.

"सरका रे, मला बसू द्या की," दारातून आवाज आला.

पुढच्याची आत्या होती. जीप लागून, उलट्या करून करून अर्धी झालेली, हातात लिंबू. सोफ्यावर न बसता खाली फरशीवर बसली, लिंबाचा वास घेतला आणि मला न्याहाळलं.

"चष्मेवाली. तूच का गं ती? आमच्या दारात जिलबीसाठी उठून गेलेली?"

मी हो म्हटलं. खोटं बोलायची ताकद नव्हती.

"तुमच्या बायांचं संपलं तवा माझं तोंड उघडलं हुतं. विहिणीचं गाणं एकटं नसतंय. ह्या अंगानं टोमणा, त्या अंगानं उत्तर. तू टोमणा घेऊन गेली, उत्तर आमच्याच दारात ऱ्हायलं."

मग तिनं ते म्हटलं. आवाज फाटका होता, पण ठेका पक्का. पाटील पेवात बसला, कारण विहिणींनो, फौजेला नदीचा उतार, पार व्हायची वाट, दाखवली तुमच्याच गावानं. दाखवली कशासाठी, तर एका शेल्यासाठी.

पँटवाला कपाटापासून मागं आला. एकजण हसला. आतून चाचाही हसले, पेला हातात तसाच.

"हे बी लिही," आत्या म्हणाली. "पान फाडू नको. त्याच्या शेजारी हे घाल. मग बघू लातूरवाले काय म्हणतात."

मी ताबडतोब कबूल केलं. त्या क्षणी त्यांनी सुलतानाला आमचा जावई करायला सांगितलं असतं तरी मी केलं असतं. सुनेनं पोहे टाकले, मंडळी टेकली आणि मी त्यांच्यासमोर लिहायला बसले. फौज, नदी, उतार, शेला. पेन अडलं ते गावापाशी.

"एका गावानं, असं लिहू का?" मी विचारलं.

"आमच्या गावाचं नाव घातलं हुतं का न्हाई?"

"घातलं होतं."

"मग घाल की."

मी माझ्या माहेरच्या गावाचं नाव लिहिलं. अक्षर पहिलीतल्या पोरासारखं आलं. आत्यानं ते पुतण्याकडून वाचून घेतलं, दोनदा, आणि मगच पोह्यांना हात लावला.

मुलगा पोचला तेव्हा जीप गेली होती. मी शाबूत आहे हे बघून तो आधी खूश झाला. मग त्यानं कागद वाचला. "आई," तो म्हणाला, "मामा हे वाचणार."

नवं पान येणार हे कळल्यावर लातूरचं स्थळ पुन्हा बोलायला लागलंय, असा आत्याच्या पुतण्याचा फोन आला. सुधारलेली आवृत्ती छापखान्यात आहे. माझ्या माहेरच्या गावात माझे दोन भाऊ, त्यांच्या सुना आणि इतिहासाचा अभिमान असलेले सहा पुतणे राहतात. काल धाकट्या भावाचा फोन आला होता. मी उचलावा की नाही म्हणून तो वाजू दिला, मग उचलला.

"ताई, नवं पुस्तक येतंय म्हणं. आपल्या गावाचं नाव हाय का त्यात?"

"हाय," मी म्हटलं.

"मग गठ्ठाच पाठव. ग्रामपंचायतीत वाटू. आणि प्रकाशनाला तू स्वतः ये."